मस्कतमधलं ब्राझील: फेस की सळई?

आई गेल्यापासून बाबांचं जेवण म्हणजे एक पोळी, चमचाभर भाजी आणि "पुरे." शर्ट अंगावर लोंबायला लागले, तेव्हा दादाने फोनवर फर्मान काढलं, "सत्तरावा वाढदिवस मस्कतला. घेऊन ये त्यांना." दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी मिहिका तिथे अल् खुवैरला राहतात. मी पुण्यात, बाबांच्या शेजारच्या गल्लीत. मुंबईहून विमान तीन तासांच्या आत पोचतं. तेवढ्यातही बाबांनी अर्धं सँडविच परत केलंच.

मस्कतला जाणाऱ्यांनो, इथे गाडीशिवाय पान हलत नाही. पाहुणे असाल तर टॅक्सी ॲपवरून मागवा. आणि ओमानी रियालचे मनातल्या मनात रुपये करणं पहिल्याच दिवशी थांबवा, नाहीतर पाणीसुद्धा घशाखाली उतरणार नाही.

ब्राझिलियन जेवायचं हे बाबांचं ठरलेलं. फुटबॉलच्या वर्ल्डकपला ते कायम ब्राझीलच्या पिवळ्या जर्सीच्या बाजूने. प्रश्न एवढाच, की कुठलं ब्राझिलियन: पारंपरिक, की इतर देशांच्या पदार्थांची सरमिसळ केलेलं फ्यूजन? वहिनीला पारंपरिक हवं होतं. तिथे वेटर सळईवर भाजलेलं मांस घेऊन टेबलाटेबलावर फिरतात आणि ताटात कापून वाढतात.

"एवढं मांस झेपणार आहे का त्यांना? फ्यूजन लाइट असतं," दादा म्हणाला. त्याने महिनाभर आधी समुद्राकाठचं टेबल धरून ठेवलं होतं. विषय खलास.

गुरुवारी संध्याकाळी तिथे पोचलो. जागा देखणी, थाळ्या भल्यामोठ्या, अन्न नखाएवढं. आंबा घातलेली सुशी आली, काळ्या घेवड्याचं हमस, म्हणजे दाटसर चटणी, आली आणि मग काचेच्या पेल्यात मासळीचं नारळाच्या रसातलं कालवण. त्यावर पांढरा ढग.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"सर, ये फोम है," वेटर अदबीने म्हणाला.

"फेस? अहो, वरणावरचा आम्ही काढून टाकतो!"

मला हसू आवरेना. दादाचा चेहरा मात्र पडला. बाबांनी पेला बाजूला सारला आणि म्हणाले, "पुरे." घरी आल्यावर दादा मला हळूच म्हणाला, "इतक्या लांबून बोलावलं आणि उपाशी ठेवलं गं त्यांना."

शुक्रवारी मत्रहच्या बाजारात लोबानाच्या धुरातून भटकलो आणि तिथून थेट वहिनीच्या पसंतीच्या पारंपरिक हॉटेलात. बीफ नको असेल तर बसण्याआधीच सांगा. आम्ही सांगितलं, तर कोंबडी, बोकड आणि मासळीवाले तेवढे येत राहिले. टेबलावर प्रत्येकासाठी एक गोल चकती असते. हिरवी बाजू वर म्हणजे वाढा, लाल म्हणजे थांबा. बाबांनी तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. हिरवी बाजू वर.

पहिला वेटर आला. "घ्या, सर." बाबांनी घेतलं. दुसरा आला. तिसऱ्याने कोंबडीची हृदयं आणली, तीही घेतली. मग दालचिनी लावून भाजलेला अननस. एक घास संपेपर्यंत पुढची सळई हजर!

"काय आग्रह करतात हो ही माणसं!" बाबा घाम पुसत म्हणाले. "नाही म्हणायची सोयच नाही."

"आजोबा, ते ना... तुमचं ग्रीन आहे, म्हणून..." मिहिका सांगायला लागली. दादाने टेबलाखाली तिचा हात दाबला. दादा, वहिनी आणि मी, तिघांनीही हसू लपवत माना खाली घातल्या.

"तुमची आई अशीच वाढायची," बाबा म्हणाले. "नको म्हटलं की एक जास्त." ती गेल्यापासून ताटावर बसून त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. दादा डोळे पुसायला उठला आणि वहिनीला सांगून गेला, "हात धुऊन येतो."

तर फ्यूजन की पारंपरिक? फोटोंसाठी फ्यूजन. जेवणावर रुसलेलं माणूस बरोबर असेल तर डोळे मिटून सळई.

पुण्याला परतून पंधरवडा होत आला. परवा बाबांचा फोन आला, "रविवारी डबा नको म्हणून डबेवाल्याला सांगितलंय. तू जेवायला ये." मी गेले. त्यांनी स्वतः सुरमईचं कालवण केलं होतं, जिभेला चरका बसेल इतकं खारट. मी नको म्हणत होते आणि ते वाढतच होते.