गिटारची नखं

ढोलकी थांबली आणि आमचा म्हातारा खुर्चीतून पुढे कलला. तोंड, मान भाजल्यासारखी लालभडक. दोन्ही हात छातीवर. शेजारी मुलाची गिटार चालूच होती, कारण वाजवताना तो डोळे मिटायचा. मी समोरूनच ओरडले, "अरे, बापाकडे बघ."

दिंडोरीजवळच्या एका वायनरीच्या अंगणात हे झालं. शनिवारी संध्याकाळी तिथे नाशिक-मुंबईची माणसं येऊन बसत आणि माझा मुलगा गिटार वाजवायचा. दक्षिण अमेरिकेकडच्या नाचाच्या चाली, मोबाइलवर बघून शिकलेल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "गाणारा कधी येणार?"

"गाणारा नसतोच, आई."

"मग नुसतंच टुणटुण?"

बापाला मात्र ते कळलं. तो गावच्या भजनात ढोलकी वाजवायचा. एकदा ओट्यावर मुलाशेजारी बसून त्याने ठेका धरला, तो त्या परक्या चालीखाली बरोबर बसला. मग वायनरीवाले दोघांना बोलवू लागले.

तार नखाने छेडायची असते म्हणून मुलाने उजव्या हाताची नखं वाढवली होती. हे झालं त्या आठवड्यात आमच्या द्राक्षबागेची छाटणी झाली. छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठींना, औषध चोळतात; मग सगळे डोळे एकदम फुटतात. हातमोजे घातले तरी ते आत जातं. कातडी सोलते, नखं खराब होतात.

म्हातारा मुलाला म्हणाला, "तू नको हात लावू. मी लावतो."

मी म्हणाले, "नखं जपायला तो काय नवरी हाय?"

"ऱ्हाऊ दे गं. वाजवील कशानं?"

म्हाताऱ्याने आणि मी बाग उरकली.

औषध लावल्यावर काही दिवस दारूला शिवायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अंगात गेलेलं औषध आणि दारू एकत्र आली की माणूस लाल होतो, श्वास कोंडतो. आमचा म्हातारा दारू पीतच नव्हता. पण त्या शनिवारी वाजवणं मध्ये थांबलं तेव्हा एका बाईने कौतुकाने दोघांपुढे ग्लास धरले.

मी म्हणाले, "औषध लावलंय ना तुम्ही?"

"ही कुठं दारू हाय? द्राक्षाचाच रस."

आमच्या तालुक्यात वाईनला दारू कोणी म्हणत नाही. निम्म्या गावाची चूल तिच्यावर पेटते.

मुलगा म्हणाला, "घेऊ दे की, आई. एवढीशी तर हाय."

दोघांनी ग्लास रिकामे केले आणि पुन्हा वाजवायला बसले. ती चाल पुरी झाली नाही.

गाडीत म्हाताऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "उकडतंय," एवढंच म्हणत राहिला. नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय प्याले? मुलगा म्हणाला, वाईन. औषधाचं मी सांगितलं. त्यांनी खूप केलं, पण उतरलेला रक्तदाब वर आला नाही. हृदय आधीच अधू असावं, असं म्हणाले.

पुढच्या छाटणीला मुलाने हातमोजे न घालताच औषध लावलं. मी त्याला शिव्या घातल्या. त्याची नखं काळी पडली, मग त्याने ती मुळापर्यंत कापली. गिटार खुंटीला आहे. ढोलकी भजनवाल्यांना दिली.

ग्लास दोघांनी घेतला होता. मुलगा जगला.