आधी तारेला हात लाव

"अर्थिंगले पाणी टाकलं काय?" हे सुमनचं माझ्याशी शेवटचं बोलणं. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिच्या खाटेपाशी मी चार दिवस बसून होतो, घराचं तोंड पाहिलं नव्हतं. तरी म्हटलं, "टाकलं." तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी, नर्स सलाईन बदलत असताना, ती गेली. किडन्या वर्षभरापासूनच साथ देत नव्हत्या... चाळीस वर्षांच्या संसारात मी बायकोशी काही कमी खोटं बोललो नाही, पण हे एक खोटं अजून घशाखाली उतरत नाही.

वाचणाऱ्याला यातलं काही कळणार नाही, म्हणून सांगतो. सुमन म्हणजे माझी बायको. ती झटका मशीन बनवायची. आमच्या राजुऱ्याकडे सोयाबीन, हरभरा पेरतो माणूस आणि खाते रानडुक्कर. शेताभोवती तार ओढायची, तिला हे मशीन जोडायचं, वर सोलरची पाटी. मशीन टिक टिक करत तारेत ठोका सोडते. डुकरानं नाक लावलं की किंचाळत पळते, पण मरत नाही. माणूसही मरत नाही. मात्र मशीनची एक सळई जमिनीत गाडलेली असते. तिला अर्थिंग म्हणतात. तिच्याभोवतीची माती कोरडी पडली तर तारेत जीव राहत नाही. म्हणून गुरांच्या कोठ्यामागच्या आमच्या मशीनच्या सळईला सुमन रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी टाकायची. शेजारीण चिडवायची, "सुमनबाई, तुमची तुळस लोखंडाची हाये काय वं?" सुमन म्हणायची, "हो, आन् ही तुळस चावते."

तेरवीला गाव जेवलं, आणि ज्यांनी कधी तिला सभेत शाल घालून फोटो काढले होते ते शहरातले लोकही आले. एक जण तोंडात बुंदी भरून म्हणतो, "भाऊ, नाव तयार आहे, आता फक्त वाढवायचं." दुसऱ्याला तिचा प्रवास फार प्रेरणादायी वाटला. राजुऱ्याहून आमच्या गावापर्यंतचा प्रवास त्यानं पहिल्यांदाच केला होता, आणि तोही ती मेल्यावर. आणि माझ्याच नात्यातली एक बाई दुसरीच्या कानात म्हणते, "झटके खाऊन खाऊन आतून सडली ते." डॉक्टरनं साफ सांगितलं होतं की साखरेनं किडन्या खाल्ल्या, आणि साखर तिला आईकडून आली. पण लोकांना बाई आपल्या कामानं मेली म्हटलं की जेवण गोड लागते. पेपरवाला पोरगा तेवढा नीट बोलला. म्हणाला, "त्यांच्या यशाचं गमक लिहून द्या. छोटी कंपनी काढणाऱ्यांना उपयोगी पडेल." गमक! मी सातवी नापास माणूस. लिहितो एवढ्यासाठी की बाकीचे जे लिहून राहिले ते सगळं थोतांड आहे.

सगळे लिहितात की तिला कल्पना सुचली. काही सुचली-बिचली नाही. बचत गटाच्या बायकांना सोलरचे दिवे जोडायला शिकवायची एक योजना आली होती. बायका सोल्डरिंग शिकल्या, दिवे जोडले, योजना संपली. साहेब लोक प्रमाणपत्रं वाटून निघाले. बाकीच्यांनी ती भिंतीवर लावली. सुमन म्हणाली, "साहेब, कागद ठेवा तुमच्यापाशी. ते तापवायचं हत्यार द्या मले." साहेब हसले आणि देऊन टाकलं, नाहीतरी भंगारातच जाणार होतं. तेव्हा आमच्याकडे बाहेरून आलेली झटका मशीनं नुकतीच दिसायला लागली होती. एक पावसाळा चालायची आणि मरायची. दुरुस्त कोण करणार? घरोघरी माळ्यावर पडलेली. सुमननं ती मागून आणली आणि गुरांच्या कोठ्यात मांडून बसली. जवळजवळ दोन वर्षं तिनं नवीन काही बनवलं नाही. नुसती मेलेली मशीनं उघडायची आणि कोणतं कशानं मेलं ते एका वहीत लिहायची. मुंग्या. पाणी. पाल. बॅटरी उलटी जोडली. मुंग्या. मुंग्या. मी चारचौघांत म्हणायचो, "आमची बायको डुकराची डाक्टरीण झाली," आणि चारचौघं हसायचे. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या तोंडाची किळस येते.

पुढं कॉलेजची पोरं-पोरी यायची, काय बनवू म्हणून विचारायची, तेव्हा ती हीच वही पुढं टाकायची. "नवीन काऊन बनवता? आधी लोकाचं बिघडलेलं उघडा. दहा जणाचं एकाच जागी बिघडलेलं दिसलं का समजा, तुमची कंपनी तथी हाये." तिची कंपनी मुंग्यांपाशी होती. उबदार डबा पाहून मुंग्या आत घर करायच्या आणि सर्किट जळायचं. सुमननं वायरी डब्याच्या खालून घेतल्या आणि झाकणाच्या काठाला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर बसवलं. एवढंच तिचं तंत्रज्ञान, ज्याला पुढं शाली पडल्या. पहिलं मशीन तिनं आमच्याच शेतात लावलं. ते बंद पडलं आणि अर्धा हरभरा डुकरांनी नेला. मी ओरडलो, "बंद कर हे नाटक!" ती शांतपणे म्हणाली, "आपलाच गेला ना जी? दुसऱ्याचा तर नाई गेला." पुढच्या हंगामातही थोडा गेला. तिसऱ्या हंगामात एक दाणा गेला नाही, तेव्हा कुठं तिनं शेजारच्या शेतात मशीन दिलं. सायकलनं जाऊन येता येईल एवढ्याच गावांत पहिली दोन वर्षं दिलं. लांबचा कोणी आला तर म्हणायची, "तुमच्या गावचा रस्ता अजून मले ठाऊक नाई."

आता जे सांगतो ते सभेत कोणी सांगत नाही. आमच्या भागात एक घाणेरडी रीत आहे. खांबावरच्या लाईनवर आकडा टाकायचा आणि सरळ करंट शेताच्या तारेत सोडायचा. डुक्कर मरते, हरीण मरते, वाघ मरतो, गवत कापायला गेलेली बाई मरते. कोणाच्या शेतात झालं ते गावाला माहीत असते आणि पंचनाम्याच्या वेळी सगळ्यांचे डोळे जमिनीकडे. मी हे दुसऱ्यावर थुंकायला लिहीत नाही. तरुणपणी दोन हंगाम मीही आकडा टाकला होता. कोणी मेलं नाही ते नशीब, माझी अक्कल नव्हे. सुमनला ते माहीत होतं. तिचा नियम त्यातूनच आला असावा... ती कधी बोलली नाही. मशीन लावून झालं की ती चालू करायची, आणि सगळ्यांसमोर हाताची मागची बाजू तारेला लावायची. हात टणकन उडायचा. मग शेतकऱ्यानं लावायचा, मग त्याच्या घरच्या बाईनं. त्याशिवाय मशीन द्यायची नाही. एक म्हातारा फार कुरकुरला, "बाई, मले काऊन? मी काय डुक्कर हाये?" सुमन म्हणाली, "आबाजी, डुकराले काय वाढता ते चाखून तर पाहा." म्हाताऱ्यानं हात लावला, आईला हाक मारली आणि धोतर सावरत हसत सुटला. गंमत नव्हती ती. ही तार हाकलते, मारत नाही, हे ज्याला स्वतःच्या हातानं कळलं तो आकड्याकडे वळत नाही. ज्याला मनात शंका राहिली तो पहिल्या नुकसानीला वळतो.

काम वाढलं तशा गावातल्याच पाच बाया आल्या. रेखा पहिली. रेखाला बिघाड एकटीनं सापडायला लागला तेव्हाच दुसरी घेतली. प्रत्येक झाकणाच्या आत ऑईलपेंटनं फोन नंबर, आणि तो फोन कोठ्यातच. जिनं मशीन जोडलं तिनंच त्याची तक्रार ऐकायची. "शिव्या देणाऱ्याचं आधी ऐका," ती सांगायची, "गोड बोलणारा थांबते." नागपूरच्या एका सभेत कोणी सुटातला माणूस म्हणाला, मॅडम, तुमचं ॲप पाहिजे. ती म्हणाली, "डुकरापाशी मोबाईल हाये काय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनोद वाटला त्यांना.

आणि मग मी शहाणपण केलं. तेलंगणाच्या सीमेपलीकडचा एक दुकानदार भेटला, तीस मशीनं मागत होता. मी घरी येऊन छाती फुगवून सांगितलं. सुमननं एकच विचारलं, "तो हात लावन काय तारेले? दुसऱ्याले लावायले लावन काय?" मी त्याला विचारलंच नव्हतं. तरी म्हटलं, "लावन. सांगितलं मी त्याले." तीस मशीनं गेली. त्यानं ती साबणाच्या वड्यांसारखी काउंटरवरून विकली. उन्हाळ्यात एका गावी जमीन सुकली, तारेत झटका येईना. सळईला पाणी टाक एवढं त्या शेतकऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. दुकानदार फोन उचलेना. शेतकऱ्यानं रागात आकडा टाकला. सकाळी त्याचाच बैल तारेवर आडवा, आणि सोडवायला गेलेल्या त्याचा हात कोपरापर्यंत भाजलेला. आम्ही दोघं गेलो. बैल तसाच पडला होता, माशा बसल्या होत्या. सुमन सरळ मशीनपाशी गेली. तिनं मशीनचं झाकण उघडलं. आत तिच्या नंबरवर दुकानदारानं स्वतःचा स्टिकर चिकटवला होता. तिनं तो नखानं खरवडून काढला, सगळा, अगदी गोंदासकट. येताना जीपमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. गाव आल्यावर म्हणाली, "मशीन खोटं नव्हतं. तुमी खोटे होते." त्या हंगामात एकही नवीन मशीन बनलं नाही. ती आणि रेखा एकेका शेतात जाऊन ती तीसच्या तीस नीट लावत फिरल्या, एकेका घरच्या बाईचा हात तारेला लावत. लोक म्हणाले, सुमनबाईचा धंदा बसला. पुढच्या वर्षी त्याच गावांतून माणसं कोठ्याच्या दारात उभी होती.

तेरवीनंतर आठवड्यानं, ज्याच्या तोंडात बुंदी होती तोच माणूस गाडी घेऊन आला. पायात पांढरे बूट, हातात कागद. कंपनी सुमनच्या नावाची, वारस मी, सही माझी पाहिजे. सगळ्या राज्यांत दुकानदार नेमणार, शेतात जायची गरजच नाही, मोबाईलवर व्हिडिओ पाठवणार. "काका, तुम्ही आराम करा आता." पाचही बाया कोठ्याच्या दारात उभ्या होत्या. माझी सही झाली की त्यांचं काम काय राहणार हे त्यांना दिसत होतं. आणि खरं सांगतो, मी थकलो होतो. पेन हातात घेतलं होतं. पण त्या पांढऱ्या बुटांकडे पाहून मला काय झालं कोणास ठाऊक, मी उठलो. "चला मागं," म्हटलं. "आधी तारेला हात लावा."

तो हसला. "काका, त्याला टेस्टर असतो."

"बैल टेस्टर लावत नाई," मी म्हटलं आणि मशीन चालू केलं. टिक, टिक. तो हात खिशातून काढेना, म्हणून मीच दाखवतो म्हणत हाताची मागची बाजू तारेला लावली.

काही नाही. मुंगी चावावी तेवढंही नाही.

"बंदच आहे की तुमचं मशीन," तो म्हणाला. मी सळईकडे पाहिलं. भोवतीची माती भुग्यासारखी झाली होती. दवाखान्यात मी टाकलं म्हणून सांगितलेलं पाणी अजून कोणी टाकलंच नव्हतं. सीमेपलीकडच्या त्या शेतकऱ्याचं जे झालं तेच माझ्या घरामागं, आणि तेही तिच्याच सळईला... मला स्वतःची एवढी घाण कधी वाटली नव्हती. रेखा आत गेली, सुमनचा तांब्या भरून आणला आणि सळईच्या बुडाशी ओतला. मग दुसरा. मातीनं ते गटागट पिऊन टाकलं. "आता लावा, भाऊ," रेखा म्हणाली. मी लावला. खांद्यापर्यंत हात उडाला, डोळ्यांत पाणी आलं. बाया हसल्या. तेरवीपासून पहिल्यांदाच त्या घरात कोणी हसलं. पांढरे बूट दोन पावलं मागं सरकले होते.

त्याच्या कागदावर मी सही केली नाही. राजुऱ्याला जाऊन दुसरे कागद केले, पाच बायांच्या नावानं, आणि त्यावर केली. वकील म्हणाला, अट काही टाकायची काय? मी सांगितलं ते त्याला कायद्याचं वाटेना, तरी त्यानं लिहून घेतलं. हात लावल्याशिवाय मशीन द्यायचं नाही. छोटी कंपनी काढणाऱ्या पोरापोरींना माझ्यापाशी दुसरं काही सांगायला नाही.

तांब्या आता मी कोणाला घरात नेऊ देत नाही, तो सळईपाशीच पालथा असतो. संध्याकाळी पाणी टाकतो, माती पिते तोवर थांबतो, मग हाताची मागची बाजू लावून पाहतो. शेजारीण कुंपणावरून पाहते, पण मला चिडवत नाही. रोज जमतेच असं नाही. काल पाय दुखत होता, सुमन, काल नाही टाकलं. आज टाकलं.