बडबडीची धाकटी बहीण

दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर सिस्टर एकदा त्या लांबच्या देशात जाऊन आल्या होत्या. वस्त्यांमधल्या बायकांना रोग्यांची देखभाल शिकवायची, तेही बिनपगारी. त्या वेळी मुलगा हसत त्यांना विमानतळावर सोडून आला होता. या खेपेला मात्र त्याचा चेहरा उतरला होता. मधल्या काळात तिथे स्पर्शाने पसरणाऱ्या तापाची मोठी साथ आली होती, आणि ती अजून पुरती गेली नव्हती.

"या वयात लोक गुडघे सांभाळतात आई, तू बॅगा सांभाळतेस."

"गुडघे काय इथे ठेवून चाललेय? ते येतायत की बरोबर," सिस्टर म्हणाल्या. मुलगा हसला नाही.

बडबडी गेल्याची बातमी आल्यापासून सिस्टरांना चैन नव्हती. पहिल्या खेपेच्या वर्गातली ती सगळ्यांत हुशार बाई. एक गोष्ट सांगावी तर तिचे दहा प्रश्न तयार, म्हणून सिस्टरांनीच तिला ते नाव पाडलं होतं. साथ ऐन भरात असताना तिथल्या आरोग्य केंद्रातले हातमोजे संपले. काही जणी घरी बसल्या, बडबडी तशीच दारोदार हिंडत राहिली. ती गेली तेव्हा तिच्या आईला जवळसुद्धा जाऊ दिलं नाही.

केंद्राच्या पत्र्याच्या खोलीत बाकं तीच होती, पण बरीचशी रिकामी. तिथला डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाला, "बायका येत नाहीत हो. ज्या शिकल्या त्याच आधी गेल्या, असं लोक बोलतात. त्यांना खोटं तरी कसं पाडू?"

दुसऱ्या दिवशी सिस्टर बडबडीच्या घरी गेल्या. तिथली भाषा त्यांना कामापुरती येत होती. अडलं की जीपचा ड्रायव्हर मदतीला होताच. बडबडीच्या म्हाताऱ्या आईने स्टूल पुढे सरकवलं, रडली मात्र नाही. आत धाकटी लेक भांडी घासत होती. हात थांबवून ती दाराशी आली आणि सरळ म्हणाली, "मला वर्गात घ्या. ताईचं काम मी करीन."

म्हातारीने तिला हाकलून आत पाठवलं. मग सिस्टरांचं मनगट घट्ट धरलं. "एक दिली तुम्हाला. हिला नाही म्हणा. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. शब्द द्या."

सिस्टरांनी शब्द दिला.

धाकटी सकाळीच वर्गाच्या दारात हजर. सिस्टरांनी तिला बाहेरच्या बाहेर परत पाठवलं. "घरी आईला तुझी गरज आहे," एवढंच सांगितलं. पोरगी नुसती बघत राहिली. त्या नजरेमुळे दिवसभर सिस्टरांचं शिकवण्यात मन लागलं नाही.

त्याच आठवड्यात वस्तीत फेरी मारताना एका घरापुढे माणसं लांब उभी दिसली. आत एक शिंपीण तापाने फणफणली होती. कुणी जवळ जाऊ नये म्हणून बांधलेल्या दोरीपलीकडून नवरा नुसता हाका मारत होता. आणि तिच्या उशाशी धाकटी! दोन्ही हातांना बाजारातल्या पिशव्या दोऱ्याने बांधून ती तिला चमच्याने पाणी पाजत होती. एक पिशवी अंगठ्याशी फाटली होती.

सिस्टर दारातूनच ओरडल्या. "बाहेर ये! कशाला हात लावू नकोस. तोंडाला तर मुळीच नाही!"

धाकटीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "ही तहानलीय," ती म्हणाली.

सिस्टरांनी लागण टाळायचा सगळा पोशाख अंगावर चढवला आणि आत गेल्या. शिंपीण संध्याकाळी दगावली. धाकटीला केंद्रामागच्या खोलीत एकटीला ठेवलं. ताप येतो की काय या धास्तीत सिस्टर सकाळ-संध्याकाळ तिला बघून येत. ताप आला नाही. डॉक्टरने तिला सोडलं, तशा सिस्टर स्वतःच तिला घेऊन म्हातारीकडे गेल्या.

"मी शब्द मोडतेय," त्या म्हणाल्या. "ही थांबणारी नाही. न शिकता जाईल, आणि मरेल."

"शिकून पण मेली होती की एक," म्हातारी म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

सिस्टरांनी धाकटीला इतकं रगडलं की वर्गातल्या बायकांना तिची दया यायची. पोशाख घालणं सोपं, उतरवताना त्यावरची घाण अंगाला लागून घात होतो. म्हणून तेच त्या तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेत. जरा चुकली की, "मेलीस! पहिल्यापासून." एकदा पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताईला पण असंच बोलायचात?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "तिचं कौतुक करायचे."

धाकटी कामाला लागली त्या दिवशी दुपारी म्हातारी केंद्रात आली. सिस्टर एकट्याच बाकं पुसत होत्या. म्हातारी उभीच राहिली.

"तिला ताप चढला तर मला कसं कळेल? ते शिकवा."

सिस्टरांनी तिला बसवलं आणि लक्षणं सांगितली. डोळे लाल होतात, सांधे दुखतात, अन्न नकोसं होतं. म्हातारी एकेक शब्द पुटपुटत घोकत गेली.

"आणि मग मी काय करायचं?"

"लगेच इकडे निरोप पाठवायचा. तिला वेगळ्या खोलीत झोपवायचं. हात लावायचा नाही."

"पाणी मागितलं तर?"

"दाराशी ठेवायचं. मागे व्हायचं."

"उठता आलं नाही तर तिला?"

सिस्टरांनी हातातलं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. म्हातारी उत्तराची वाट बघत बसून राहिली.