वीस वर्षांची पालक

आज धाकट्या लेकीबद्दल लिहिते. आपली म्हणून कौतुक, असं कोणी म्हणेल तर म्हणो बापडं.

ती डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या कॉलेजात प्रत्येक नव्या मुलाला वरच्या वर्गातलं कोणीतरी जोडून देतात. अडलं-नडलं त्यानं बघायचं. मुलं त्याला 'पालक' म्हणतात. लेकीनं घरी येऊन सांगितलं, "मी पालक झाले!" तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जुडी केवढ्याला?"

तिच्या वाट्याला आलेली पोर इतकी हळू बोलायची, की सगळे तिला चिमणीच म्हणत. तोंडी परीक्षेत टेबलावरच्या मृतदेहाच्या पायाशी उभं राहून तिनं यकृत डावीकडे सांगितलं. तिच्या डाव्या हाताला होतंच ते! पण डावं-उजवं धरायचं ते पेशंटचं. रांगेतली मुलं खो खो हसली. तेव्हापासून चिमणीचं तोंड मिटलं ते मिटलंच. सोमवारी फेरपरीक्षा, तिथंही गप्प राहिली तर वर्ष बुडणार. म्हणाली, "ताई, मी सोडून जाते घरी."

"जा की. आधी आमच्या घरी चल," म्हणत लेक तिला रविवारी घेऊन आली. पुस्तक उघडलंच नाही. यांना सतरंजीवर आडवं केलं.

"डॉक्टर, पोटात दुखतंय हो," हे कण्हले.

"कुठे?" चिमणी पुटपुटली.

"मोठ्यानं! पेशंट बहिरा आहे," लेक म्हणाली.

"कुठे दुखतंय, काका?"

"उजवीकडे."

पायाशी बसलेल्या चिमणीनं आपल्या उजव्या हाताकडून यांचं पोट दाबलं.

"अहो बाई, माझं उजवं! तुमचं दुखत असेल तर तुम्ही आडव्या व्हा!"

चिमणी हसली. लेकीनं लगेच तिला यांच्या जागी झोपवलं. "आता स्वतःच्या यकृतावर हात ठेव. ऊठ. बाबांच्या ठेव." असं दुपारभर चाललं. हे मध्येच घोरायलाही लागले. पण लेक एकदाही "सोपं तर आहे" म्हणाली नाही.

सोमवारी मी प्रार्थनेला बसले आणि परक्या पोरीसाठी देवाला साकडं घातलं, तिच्या कंठाशी उभा राहा.

दुपारी लेक धावतच आली. "आई, पास झालो! सरांनी विचारलं, डावी बाजू कुठली? तर चिमणी खणखणीत म्हणते, कोणाची सर, तुमची की पेशंटची? सरच हसायला लागले!"

परीक्षा चिमणीची, आणि ही म्हणते 'झालो'. चपला काढायच्या आतच मी तिला जवळ घेतलं.