आभार तेवढे राहिलेत

आमच्या साडूंनी जेवढी माणसं वाटेला लावली, तेवढी आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्या कुणी लावली नसतील. हे वाक्य वाईट अर्थानं घेऊ नये. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. लोहाऱ्यात एका कचेरीत ते पस्तीस वर्षं कारकून होते आणि जवळजवळ तेवढीच वर्षं तालुक्याचे बिनपगारी सूत्रसंचालक. मास्तर निवृत्त झाले, तलाठी बदलून गेले, बँकेचा शिपाई घरी बसला, की निरोप समारंभाचा माईक साडूंच्या हातात यायचा. मग टॉवेल, टोपी, नारळ. हयातभर खुर्चीत न सापडलेला माणूससुद्धा साडूंच्या प्रास्ताविकात 'या कार्यालयाचा आधारवड' होऊन जायचा आणि ते ऐकून त्याची बायको त्याच्याकडे नव्यानं बघायची. साडूंच्या भाषा दोन. एरवी "च्या हाय का न्हाय?" असं विचारणारा हा माणूस माईक हातात आला की "चहापानाचा आस्वाद घ्यावा, ही नम्र विनंती" करायचा. माईक बंद असला तरी. आक्का तर म्हणतात, घरात लाटणं हातात आलं तरी त्यांचा आवाज बदलतो.

मला असल्या समारंभांचं वावडं आहे. भाषणं ऐकून माणूस कळतो यावर माझा विश्वास नाही, आणि हार घातल्यावर तर तो दिसतही नाही. त्यामुळे साडूंच्या कार्यक्रमाला मी दाराजवळची खुर्ची धरायचो आणि आभारप्रदर्शनाच्या आधी चपला शोधायचो. साडूंना ते ठाऊक होतं आणि ते त्यांना लागायचंही, कारण त्यांच्या लेखी आभार म्हणजेच कार्यक्रम; बाकी सगळी पूर्वतयारी. आभार झाले नाहीत तर माणसं घरी जातात, पण कार्यक्रम संपत नाही, असं ते म्हणत. एकदा आभाराच्या तोंडावर वीज गेली आणि मंडप रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी साडू मंडपवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत दारोदार फिरून आभार मानून आले. प्रमुख पाहुणे तेवढे उमरग्याच्या एसटीत बसले होते. साडूंनी स्टँडच्या तोंडाशी गाडीला हात केला, वर चढले, पाहुण्यांचे आभार मानले, कंडक्टरचे मानले आणि खाली उतरले.

अशा माणसाला समुद्रकाठच्या गावात न्यावं, ही कल्पना माझ्या बायकोची. साडू निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली होती. आम्ही चौघं सोलापूरहून गाडीत बसलो आणि गोव्यातल्या एका लहानशा गावी पाच दिवस जाऊन राहिलो. साडूंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. कमरेवर हात ठेवून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "औंदा बरा भरलाय." आमच्याकडे तलावाबद्दल बोलायची ही पद्धत आहे. समुद्रालाही ती चालून गेली.

त्या गावात दिवसा काही घडत नाही. माणसं झोपतात, कुत्री झोपतात, दुकानदार तर दुकान उघडं ठेवून झोपतो. गाव जागं होतं ते संध्याकाळी. वाळूत टेबलं मांडली जातात, माडाला दिव्यांच्या माळा लागतात, कुठे हाऊजीचे आकडे पुकारले जातात. साडूंनी या संध्याकाळींचा अभ्यास कचेरीच्या शिस्तीनं केला. रोज पाच वाजता इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते निघत आणि एकेका बारची पाहणी करत. स्वतः घ्यायचे फक्त लिंबू सोडा, पण शेंगदाण्यांबाबत त्यांचं मत पक्कं होतं. 'हॅपी अवर'चं भाषांतर त्यांनी 'शुभमुहूर्त' असं केलं आणि तो टळू नये म्हणून आम्हाला घाई केली. एक माणूस पेटते गोळे गरगर फिरवत नाचत होता. आमच्याकडे देवीपुढे पेटता पोत नाचवतात, म्हणून साडू त्याच्याकडे बघून म्हणाले, "ह्यो तर पोत नाचवतोय. पण देवी कुठाय?"

सगळ्यात जास्त त्यांना अचंबा वाटला तो बारला भिंती नसण्याचा. आमच्याकडे परमिट रूम म्हणजे काळी काच, जाड पडदा आणि मागच्या बाजूनं एक दार. आत जाणारा माणूस तोंडाला रुमाल बांधतो आणि आत गेल्यावर कुणी ओळखीचा निघाला तर दोघंही भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात. इथं वरती झावळ्या आणि खाली वाळू. "मग मानसानं लपायचं कुठं?" असं त्यांनी मला अगदी काळजीनं विचारलं. उत्तर तिसऱ्या दिवशी मिळालं. मेनूकार्डामागे. कोपऱ्यातल्या टेबलावर लोहाऱ्याचेच एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. व्यसनमुक्तीवर त्यांची व्याख्यानं पंचक्रोशीत गाजली होती. आम्हाला पाहताच त्यांनी मेनूकार्ड असं उभं धरलं की पुढचा तासभर ते खाली आलं नाही. साडूंनीही त्यांना पाहिलं नाही. ओळख न दाखवणं हासुद्धा आमच्याकडे एक सत्कारच आहे.

आणखी एक प्रथा त्यांना फार आवडली. सूर्य पाण्यात बुडाला की लोक टाळ्या वाजवत. पहिल्या दिवशी साडूंनी दचकून इकडेतिकडे पाहिलं आणि कुणाचा सत्कार झाला म्हणून चौकशी केली. सूर्याचा, असं कळल्यावर ते खूश झाले. रोज निरोप देणारं गाव त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

ज्या शॅकमध्ये, म्हणजे वाळूतल्या झावळ्यांच्या हॉटेलात, आम्ही पहिल्या संध्याकाळी बसलो, तिथंच मग रोज बसू लागलो, त्याचं कारण तिथला गाणारा. साठीचा, किडकिडीत, फुलाफुलांचा सदरा आणि गळ्यात गिटार. जुनी हिंदी गाणी, मधूनच कोकणी, मधूनच इंग्रजी. लोक कोळंबी सोलत असायचे, एकमेकांचे फोटो काढत असायचे; तो गात असायचा. साडूंनी पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून त्याच्या पुढ्यात नेली आणि भजनाला बसावं तशी मांडी घातली. प्लॅस्टिकच्या खुर्चीत मांडी घालणं हे सोपं काम नाही. प्रत्येक कडव्याला "वा, बुवा!" अशी दाद. माणूस गातो म्हणजे तो बुवाच, मग गळ्यात वीणा असो की गिटार. दुसऱ्या दिवसापासून गिटारबुवा गाणं सुरू करण्याआधी आमच्या टेबलाकडे बघू लागले.

चौथ्या संध्याकाळी साडूंना कळलं की उद्या बुवांचा शेवटचा दिवस. बावीस वर्षं ते तिथं गात होते. आता शॅकच्या मालकीणबाईंनी मशीनवर गाणी लावणारा माणूस ठरवला होता. येणाऱ्या लोकांना तेच लागतं, त्यांचाही इलाज नव्हता. साडूंनी विचारलं, मग निरोप समारंभ किती वाजता? बाईंना प्रश्नच समजला नाही. समजल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, समारंभ कसला, नेहमीसारखी माशाची थाळी जेवून तो जाईल. साडू मात्र हसले नाहीत. "बाई, तुम्ही सूर्याला रोज टाळ्या वाजवता," ते म्हणाले, "त्यो तर उद्या परत येनार हाय. हे बुवा न्हाय येनार." बाईंनी गल्ल्याचा खण आत लोटला आणि म्हणाल्या, पाच मिनिटं, जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि साडू टॉवेल, टोपी, नारळ आणायला निघालो. तिन्ही वस्तूंनी भरलेल्या त्या गावात तिन्ही मिळेनात. नारळ मागितला की शहाळं सोलून, नळी खोचून हातात. पांढरा टॉवेल कुठंच नव्हता. होता तो सतरंजीएवढा, आणि त्यावर काळा चष्मा लावलेला पोपट. टोपी म्हणजे गवताची, लाल फीत लावलेली. साडूंनी प्रत्येक वस्तू उलटसुलट करून पाहिली. मी म्हटलं, राहू द्या, नुसते हात मिळवू. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी गुपचूप पोपटाची घडी घालायला घेतली.

संध्याकाळी सूर्य बुडाला, टाळ्या सुरू झाल्या आणि त्या विरायच्या आत साडूंनी माईक उचलला. टाळ्या त्यांनी खुबीनं बुवांच्या खात्यावर वळवल्या. मग "सन्माननीय व्यासपीठ" म्हणून त्यांनी वाळूकडे पाहिलं. कार्यक्रमाला अध्यक्ष लागतो. "अध्यक्षस्थान भूषवण्यासाठी, योगायोगानं मेनूकार्डामागे उपस्थित असलेले आमचे आदरणीय गुरुजी," असं म्हणून त्यांनी हात केला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं गुरुजी पेला तिथंच ठेवून, सदरा ओढत पुढे आले. गुरुजींच्या हस्ते बुवांच्या खांद्यावर पोपट आला, डोक्यावर गवताची टोपी आली, हातात नळीसकट शहाळं आलं. काही लोक हसले. फोन वर झाले. मी टेबलावरचं मीठ-मिरी सरळ करत बसलो.

आता 'आधारवड' येणार म्हणून मी वाट पाहत होतो. तो आला नाही. साडू बुवांकडे बघत राहिले आणि माईक हातात असताना त्यांची भाषा बदलली नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "ह्या बुवांनी हितं बावीस वर्सं गानी म्हनली," ते म्हणाले. "लोक जेवत व्हते, हे गात व्हते. मानूस असाच उठून जाऊ नये. कुनीतरी इचारावं, निघालात व्हय?"

मराठी किती जणांना कळली कोण जाणे, पण वर झालेले फोन खाली आले. मालकीणबाई गल्ल्यामागून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. बुवांनी शहाळं सांभाळत डोळ्यांच्या कडा पुसल्या, आणि त्यांच्या त्या गोव्याकडच्या हेलात, अगदी सहज विचारलं, "तुमचा पण निरोप असा मोठा केला असेल ना, तुमच्या गावात?"

माईकमधून फक्त समुद्राचा आवाज येत राहिला. माझ्या शेजारी बसलेल्या आक्का हळूच मला म्हणाल्या, "त्यांचं ऱ्हायलं, दाजी. तवा करोनात चार मानसं जमायला बंदी व्हती. डबा घिऊन घरी आले, अन् म्या इचारलं, आज लौकर कसं काय?"

हे ऐकू जाण्याइतके बुवा जवळ नव्हते. पण गाणाऱ्या माणसाला गप्प बसणं कळत असावं. त्यांनी डोक्यावरची गवताची टोपी काढली आणि साडूंच्या डोक्यावर ठेवली; मग गिटार घेऊन माईकशिवायच गाऊ लागले. मी खुर्चीच्या काठावर आलो होतो. माईक रिकामा होता, दोन वाक्यं पुरली असती. पण समारंभांना नाकं मुरडण्यात उमर गेलेल्या माणसाला ऐन वेळी उभं राहता येत नाही. मी उठलो नाही. साडूही टोपी तशीच ठेवून खाली बसले. आभार मानायचं त्यांना सुचलं नाही. सकाळी आम्ही गाडीला निघण्याआधी ते धावत शॅकवर जाऊन आले. तिथं खुर्च्या उलट्या टाकलेल्या होत्या. मालकीणबाई अजून आल्या नव्हत्या, आणि बुवा आपल्या गावी गेले होते.

ती टोपी आता लोहाऱ्यात त्यांच्या दाराआडच्या खुंटीला असते. ती घालून ते आठवड्याच्या बाजाराला जातात आणि भाजीवाल्या त्यांना इंग्रजीत भाव सांगतात. कार्यक्रम अजूनही करतात. हल्ली मी शेवटपर्यंत बसतो. आभारात शेवटचं नाव माझं घेतात, काही कारण नसताना. आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो. पाऊसपाण्याचं होतं, आक्कांच्या गुडघ्याचं होतं, आणि मग म्हणतात, "साडू, त्या कार्यक्रमाचे आभार तेवढे ऱ्हायलेत बघा. एकदा जाऊन यावं लागतंय." मी म्हणतो, जाऊ. आमच्या कपाटात साडूंसाठी पांढरा टॉवेल आणि टोपी कधीची घडी करून ठेवलेली आहे, नारळ काय, कुठंही मिळेल. हे सांगायचं तेवढं राहून जातं.