शेंगदाण्यांची पुडी

साठच्या दशकात आमच्या यशवंतपूरकडच्या कारखान्यात परदेशातून एक खाऊचं यंत्र आलं. नाणं टाकायचं, कळ दाबायची; आतली वेटोळी स्प्रिंग एक फेरा घ्यायची आणि काचेमागची पुडी खाली पडायची. माझी बोटं बारीक कामाला सरावलेली, म्हणून सुपरवायझरनं ते माझ्याच गळ्यात मारलं. पंधरा दिवस मी त्या स्प्रिंगांशी झगडत होते. स्प्रिंगा तिकडच्या बिस्किटांच्या मापाच्या, आमच्या शेंगदाण्यांच्या फुगीर पुड्या दोन वेढ्यांमध्ये अडकून बसायच्या. शेवटी कमी वेढ्यांच्या स्प्रिंगा बसवल्या, प्रत्येकीचं पुढचं टोक खाली वळवून घेतलं, पुड्या एकेक करून उभ्या लावल्या, तेव्हा कुठे यंत्र शहाण्यासारखं वागू लागलं. मला फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

माझे वडील त्याच कारखान्यात हेडक्लार्क होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सोवळ्याओवळ्याचे इतके कडक की बाहेरचं पाणीसुद्धा घेत नसत. कावळा शिवला की मी घरी मागच्या खोलीत; वेगळी चटई, वेगळं ताट. अण्णा माझ्या सावलीलाही वळसा घालून जात. कारखान्याला मात्र असली सुट्टी नव्हती, म्हणून कामावर जायची तेवढी परवानगी होती. त्यासाठी आईनं दोन महिने त्यांची मनधरणी केली होती. ती परवानगी ते कधीही काढून घेतील हे मी जाणून होते.

असे अण्णा एका दुपारी चारला यंत्रापुढे उभे राहून शेंगदाणे खाताना दिसले. मी हादरलेच. "माणसाचा हात लागत नाही बघा याला," असं शेजारच्या क्लार्कला सांगत होते. मग रोज चारला एक पुडी. आणि पुड्या भरायचे मी, त्या तीन दिवसांतसुद्धा. मला पापाची भीती नव्हती, नोकरीची होती.

एका सकाळी, माझा दुसरा दिवस होता, यंत्राचं दार उघडून मी कोपरापर्यंत हात आत घातला होता. मागे वळले तर अण्णा. हातातली पुडी खाली पडली. वाटलं, संपलं सगळं.

"सरी, आवर लवकर," ते म्हणाले.

"अण्णा, आज मी..."

"ठाऊक आहे ग. पहिल्यापासून ठाऊक आहे. यंत्रातनं येतंय की ते."

आणि ते निघून गेले. नोकरी वाचली याचा आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. ठाऊक असून खात होते, आणि ठाऊक असून मला चटईवर बसवत होते. दहा वर्षं मी समजत होते की माझ्या हातात खरंच काहीतरी वाईट आहे आणि हा माणूस ते मनापासून मानतो.

संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेलेच नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरले, हंड्यातलं पाणी भांड्यात ओतलं आणि अण्णांपुढे ठेवलं. आई चुलीपाशी थिजली. अण्णांनी भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"भांड्याला स्वल्प चिंच लाव," ते आईला म्हणाले, "आणि हंडा रिकामा करून घे."

आईनं हंडा उचलला आणि मोरीत उपडा केला. मला रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी चारला अण्णा यंत्रापाशी आले. चार-पाच क्लार्क भोवती होतेच. नोकरी जाते तर जाऊ दे, असं ठरवून मी पुढे झाले. यंत्राचं दार उघडलं, स्प्रिंगमधली पहिली पुडी काढली आणि तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरली.

"घ्या अण्णा."

सगळे बघत होते. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. अगदी शांतपणे म्हणाले, "आत ठेव ती. मी कळ दाबतो."