फोन भरलेलाच होता

माझ्या फोनशी माझं कधीच पटलं नाही. दिवसातून चार वेळा तो मला सांगतो की जागा संपली. मी काय त्याच्यात ज्वारी भरून ठेवली आहे? मी शिकवते त्या शाळेच्या खिचडीचे फोटो वरच्या कार्यालयात पाठवले की मी लगेच पुसते. नातेवाइकांचे सकाळचे गुलाब आणि सुविचार तर न बघताच पुसते. तरी त्याचं पोट भरलेलंच. पण माझा खरा राग जागेचा नव्हता, आईच्या फोटोंचा होता. आणि तो मी फोनवर नाही, एका माणसावर काढला.

आई फोटो काढू देत नसे. पुढचे दात पडले, कवळी तिने बसवली नाही, आणि तोंडावर पदर आला तो कायमचा. एकदाच, तीनेक वर्षांपूर्वी, टेंभुर्णीला माहेरी आम्ही मोसंबी सोलत बसलो होतो तेव्हा ती खदखदून हसली. तोंडाचं बोळकं उघडं, डोळ्यांत पाणी. मी पटापट आठ-नऊ फोटो घेतले, एक व्हिडिओ घेतला. आईचं हसू माझ्याकडे एवढंच होतं.

ती गेल्यावर ते उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही. वर्षश्राद्धाला मोठी फ्रेम करायची ठरलं, तेव्हा मी भावाला ऐटीत सांगितलं की फोटो माझ्याजवळ आहे, कुणी काही शोधू नका. आदल्या दिवशी माहेरी पोचले, अंगणात बसून फोन उघडला, तर एकही फोटो नाही. त्या दिवसाचं काहीच नाही.

त्याच भावाची बायको, माझी भावजय, समोर पुरणासाठी डाळ निवडत होती. दिवाळीत मीच तिच्या हातात फोन दिला होता, फालतू फोटो काढून टाक म्हणून. मला दुसरं कुणी सुचलंच नाही. अंगणात दहा-बारा पाहुणे बसले होते, काकू होत्या, चुलत बहिणी होत्या. त्या सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले की तू माझी आई पुसून टाकलीस. आणखीही बोलले. तिच्या अडाणीपणावर बोलले, तिच्या माहेरावर बोलले. ते आता इथे लिहायची मला लाज वाटते.

तिने ताट खाली ठेवलं. "अक्का, म्या फकस्त फुलाचे न् देवाचे फोटो पुसले. आईचे पुसले असते तं जागा मोकळी झाली असती. तुमचा फोन तं आजबी भरेलच हाय."

मला शिकवू नकोस, एवढंच मी म्हणाले.

फ्रेम शेवटी आधार कार्डावरच्या फोटोची झाली. त्यात आई ओठ आवळून बघते, जणू रांगेत तीन तास उभं करून तिला आत घेतलंय. हार घातला तरी तो चेहरा नरमला नाही. जेवणं झाल्यावर मी कुणाशी न बोलता जालन्याची गाडी धरली. पुढे राखीला भाऊ एकटाच आला आणि चहा न घेता गेला. भावजयीचा फोन आला नाही, मीही केला नाही. मीच का करायचा, असं मला वाटत होतं.

भाद्रपदात फोनने हात टेकले. शाळेचा एक फोटो निघेना. मी जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडे गेले. चष्मा कपाळावर ठेवून काम करणारा वयस्क माणूस. त्याने बघून सांगितलं की सगळं पुसून नव्यासारखा करावा लागेल. मी म्हटलं करा, त्याच्यात राहिलंय काय? त्याने पुन्हा विचारलं, काही कामाचं असेल तर आताच सांगा. मग मला राहवलं नाही. आईपासून भावजयीपर्यंत सगळं त्याला ऐकवलं, त्याची दोन गिऱ्हाइकं खोळंबली तरी ऐकवलं. तो माझी बाजू घेईल अशी माझी खात्री होती.

तो म्हणाला, "गेले असते तं जागा खाली व्हायला पायजे होती ना, मॅडम. ती बाई बराबर बोलली."

मी पंचवीस वर्षं पोरांना वजाबाकी शिकवते. काढून घेतलं की उरलेलं कमी होतं, हे पहिलीतल्या लेकराला कळतं.

त्याने फोनमध्ये कुठे काय साठलंय ते उघडलं. निम्म्याहून जास्त जागा फोटोंनीच खाल्ली होती, आणि समोर तर फोटो जवळजवळ नव्हतेच. मग तो आणखी आत गेला. तिथे एक कुलूपबंद फोल्डर होता. त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि बोट लावायला सांगितलं. त्याचं चालत नव्हतं, माझंच लागत होतं. मी अंगठा टेकवला आणि आई हसत बाहेर आली.

तेव्हा कुठे मला आठवलं. त्याच दिवशी आईने हट्ट धरला होता की हे बोळकं कुणाला दाखवू नकोस, आताच्या आता लपव. तिची समजूत पटावी म्हणून मी तिच्या शेजारी बसून ते फोटो कुलपात टाकले होते. तिने फोन हातात घेऊन तपासलंही होतं. घाईत मी बोट ओढत नेलं, तेव्हा शाळेच्या स्नेहसंमेलनाचे लांबलचक व्हिडिओही आत गेले. काम झालं आणि माझ्या डोक्यातून गेलं. आज ते सगळं पुसा म्हणून मीच सांगत होते.

दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी तो व्हिडिओ लावला. भावजय कमरेवर हात ठेवून माझी नक्कल करत होती. माझा आवाज, माझा चष्मा सावरणं, पोरांवर ओरडणं, सगळं हुबेहूब. फोन धरून मीसुद्धा हसतेय, ऐकू येतं. आई हसून हसून वाकली आणि तोंड झाकायला तिने पदर ओढला, तो स्वतःचा नव्हे, भावजयीचा. इतके दिवस जे फोटो मी एकट्या आईचे समजत होते, त्या प्रत्येकात भावजयीचा हिरवा पदर आईच्या मुठीत होता.

मी तिथूनच तिला फोन लावला. आरोप अंगणात दहा-बारा जणांसमोर केला होता, माफी मात्र गल्लीतल्या रिक्षांच्या गोंगाटात, हळू आवाजात मागितली. फोटो माझ्याजवळच होते, चूक माझी झाली, असं म्हणाले. तिने आधी गोंगाट कसला ते विचारलं. मग बरं झालं म्हणाली. मी म्हटलं, तुला आता लगेच पाठवते, व्हिडिओ तर तुझाच आहे.

"माझ्या फोनवर नका पाठवू, अक्का," ती म्हणाली. "उद्या काही गायब झालं तं पुन्हा माझंच नाव यील. तुमच्या भावाला पाठवा."

ती चिडून बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती अगदी साधं बोलली, जणू दूध कुठे ठेवायचं ते सांगावं. मी बरं म्हटलं आणि फोटो भावाला पाठवले.